दुपारी हात लावू नये असे पान

परवा भर दुपारी मी वाशाला टांगलेली तंबाखूची जुनी जुडी उतरवायला गेलो, आणि ती माझ्या हातातच संपली. संपली म्हणजे अक्षरशः. पापडाच्या डब्यावर कुणी बसावे तसा आवाज झाला, बोटांच्या फटींतून तपकिरी भुगा घसरला आणि सरळ खाली गेला. खाली आमची मंडळी सुपात नवे तांदूळ घेऊन बसली होती.

तिने वर पाहिले. मी स्टुलावर उभा, हातात नुसती सुंभाची गाठ. गणपती विसर्जन करून रिकामा पाट घेऊन परतलेल्या माणसासारखा दिसत असेन.

"दुपारी?" ती म्हणाली. एवढेच. पुढचे बोलणे शिंकांनी अडवले.

हा एक शब्द बाहेरच्याला कळायचा नाही. ज्या घरात तंबाखू पिकली आहे तिथे मात्र तो पुरतो. वाळलेले पान दुपारी हलवायचे नाही, हा त्या पिकाचा पहिला कायदा. दिवसा ते काचेसारखे असते. पहाटे दंव पडले की तेच पान गरिबाघरच्या जुन्या लुगड्यासारखे मऊ होते. तेव्हा ते उचला, घडी घाला, जुड्या बांधा, काही करा. ऊन चढले की हात मागे. हे मला माहीत नव्हते असे नाही. पाचवीच्या वर्गात दंव कसे पडते हा धडा मी इतकी वर्षे शिकवतो आहे, खडूने ढग काढून. पण धडा फळ्यावर राहतो आणि मास्तर स्टुलावर चढतो.

जुडी उतरवायला कारण झाले ते बापूचे. बापू माझा धाकटा भाऊ, मुंबईला गिरणीत असतो. त्याच सकाळी पोलादपुराकडच्या आमच्या गावचा गणू सर्विस मोटारीने महाडास आला होता, तो दारातूनच ओरडून गेला, "मास्तर, बापू येतोय वो! निरोप हाय!"

"राहायला की भेटायला?" मी विचारले.

"त्ये काय म्यां इचारलं नाय," म्हणाला आणि बाजारात गेला.

तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. राहायला की भेटायला, या एका प्रश्नावर आमचा एक अख्खा हिवाळा गेला होता. ती जुडी त्याच हिवाळ्याची. बापूने जाताना माझ्या हवाली केलेली. तो आल्यावर ती स्वच्छ, धूळ झाडलेली दिसावी म्हणून मी ती झाडायला घेतली, आणि चांगलीच झाडली.

हवा हल्ली पुन्हा तशीच पडू लागली आहे. सकाळी सावित्रीवरून धुके उठते, पलीकडच्या काठावरचा माणूस कमरेपासून वर तेवढा दिसतो, आणि कौलांच्या कडांवरून थेंब असा टपकतो की पाऊस येऊन गेला वाटावे. असे दंव पडले की माझ्या नाकाला ओल्या तंबाखूचा वास येतो. मध, जुना गूळ आणि गोठा, तिन्ही एकत्र. मी स्वतः तंबाखू खात नाही. एकदा खाल्ली होती, त्यावर शाळा दोन तास लवकर सुटली होती.

आमची जमीन नदीकाठची मळई. पावसाळ्यात नदी तिच्यावरून जाते आणि जाताना काळी गाळमाती ठेवून जाते. त्या मातीत बापजाद्यांपासून आम्ही कडवे वाल लावत आलो. भाताचे पोट आणि वालाचे बिरडे, यापलीकडे श्रीमंतीची कल्पना आमच्या घराण्यात कुणी केली नव्हती. मग एका वर्षी शेतकीचे साहेब आले. खाकी अर्धी विजार, डोक्यावर टोपी, बोलणे गोड. या मातीत तंबाखू उत्तम होईल, म्हणाले. बी फुकट. जेवढ्या पट्ट्यात तंबाखू तेवढ्या पट्ट्याचा सारा माफ. पोलादपुराबाहेर सडकेला लागून पत्र्याचा मोठा मांडव सरकार बांधून देईल, पाने तिथेच वाळवायची, आणि वाळलेला माल ठरल्या दराने सरकारच घेईल.

लोक आधी हसले. सरकार घेते हे त्यांना ठाऊक होते. घेऊन वर पैसे देते हे नवीन होते. पण पहिल्या साली दोघातिघांनी लावली, त्यांना दर मिळाला, आणि दुसऱ्या साली सबंध काठ हिरवागार. ही वार्ता मुंबईस पोचली आणि बापू गिरणी सोडून घरी आला. साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, कामाला होता. खोकत आला. "दादा," म्हणाला, "तिथं छातीत कापूस जातो. इथं हाताला चीक लागंल. फरक इतकाच का चीक धुता येतो."

चीक धुता येतो ही मात्र त्याची समजूत होती. तंबाखूचे शेंडे खुडावे लागतात, बगलेतले फुटवे काढावे लागतात, तेव्हा बोटांना जो चिकट रस लागतो तो आधी पिवळा, मग हिरवा, मग काळा होऊन कातडीत मुरतो. बापूची बायको काशी हिचे हात तर कोपरापर्यंत रंगले होते. एकदा आम्ही सगळे महाडजवळच्या सव गावाला गेलो, ऊन पाण्याच्या झऱ्यांवर आंघोळीला. बापू आणि मी कढत पाण्यात बसून हुश्श करत होतो. पलीकडे बायकांच्या बाजूला आमची मंडळी काशीचे हात राखेने घासत होती.

"अगं, तुझी कातडी निघेल पण रंग निघायचा नाही," ती म्हणाली.

"ऱ्हाऊं द्या गो जाऊबाई," काशी हसत म्हणाली. "ह्यो रंग हाताला हाय तवर मानूस घरात हाय."

लग्नाला बरीच वर्षे झाली होती तिच्या. नवरा शिमग्याला आणि गणपतीला येणारा पाहुणा, अशीच तिची सवय. बापू आल्यापासून ती मोठ्याने हसू लागली होती, हे आमच्या मंडळींनी टिपले. मी टिपले नव्हते. मी हे किती दिवस टिकेल याचा हिशेब मनात करत होतो. काळजी करणे हा माझा घरगुती उद्योग आहे. त्याला सरकारची मदत कधी लागली नाही.

तंबाखूने आमच्या बाजूला काय काय आणले ते आठवते. मांडवासमोर चहाचे दुकान निघाले; चहा म्हणजे औषध समजणारे म्हातारे तिथे बशी फुंकत बसू लागले. पोलादपूरच्या शिंप्याला गोण्या शिवायचे काम मिळाले. शेंडे खुडायच्या दिवसांत वाडीवाडीच्या बायका रोजावर येऊ लागल्या आणि शनिवारच्या बाजारात काचेच्या बांगड्या खपू लागल्या. आणि एक गोष्ट गेली. महाडच्या बाजारातून वाल दिसेनासे झाले. काठावर जिथे तिथे तंबाखू, वाल लावणार कोण? आमची मंडळी एकदा पिशवी रिकामी घेऊन परतली. "वालवाल्यांच्या घरात मी सून म्हणून आले," म्हणाली, "आणि आज मूठभर वालासाठी वाण्याच्या विनवण्या करून आले. तंबाखूचं बिरडं करता येतं का, तेवढं विचारा तुमच्या साहेबांना."

मी तिला मागणी आणि पुरवठा यांचा नियम समजावून सांगितला. तिने तो शांतपणे ऐकला आणि रात्री पिठले केले.

त्या हिवाळ्यात पीक असे काही आले होते की पाहून भीती वाटावी. कमरेइतकी झाडे, सुपाएवढी पाने. संक्रांत झाली, आणि साहेब मांडवापाशी खुर्ची टाकून बसले. या वेळी बोलणे गोड होते, पण हळू होते. सरकारला सगळीकडे खर्च कमी करायचा आहे, म्हणाले. तंबाखूची पद्धत बदलली आहे. पुढच्या सालापासून बी मिळणार नाही, साऱ्याची माफी नाही, खरेदी नाही. ज्याने त्याने आपापला माल बाजारात विकावा. यंदाचा माल तेवढा होळीच्या आत मांडवात आला तर जुन्या पद्धतीने घेऊ. होळीनंतर मांडवाला कुलूप.

 चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला.

आता अडचण अशी की झाडे पिकायची होती. तंबाखूचे पान पिकले की त्यावर पिवळे चट्टे पडतात, ते जाड होते, आणि दुमडले तर कट्कन मोडते. आमच्या काठावर पाने अजून हिरवीकंच, चामड्यासारखी लवचिक. पिकायची वाट पाहावी तर होळी निघून जाते. हिरवी कापावीत तर वाळून हिरवटच राहतात, त्यांना ना वास ना रंग. दोन दिवस माणसे शेताच्या बांधावर पान दुमडून पाहत फिरत होती. मग एका सकाळी शेजारच्या रामजीच्या शेतात कोयता चालल्याचा आवाज आला, आणि दुपारपर्यंत साऱ्या काठावर तोच आवाज. एकाने कापली की दुसऱ्याला धीर निघत नाही. तिसऱ्याला तर वाटते आपणच मूर्ख.

बापूने कापली नाही.

मी रविवारी महाडहून गेलो तेव्हा उजाड काठावर आमचाच एक पट्टा उभा होता. रामजी बांधावरून सांगत होता, "बापू, काप रे! पान हिरवं हाय का पिवळं, तराजूला काय दिसतंय? मांडव बंद झाल्यावर का माकडाला खायला घालनार हायस?"

"माल पैला बनू दे," बापू म्हणाला. "कच्चा माल साच्यावर चढवला का धागा तुटतो. खाली-पिली घाई नाय."

मी मास्तर. मला मत असायलाच हवे. सकाळी मी त्याला काप म्हणालो. दुपारी जेवणानंतर थांब म्हणालो. संध्याकाळच्या मोटारीने परतताना अर्धी काप, अर्धी ठेव, असा ठराव मांडला. काशीने मला निरोप देताना इतकेच म्हटले, "भावजी, तुमी पुडच्या रविवारी लवकर या. पन मत घरी ठेवून या."

होळीच्या आदल्या आठवड्यात मांडव हिरवट पानांनी शिगोशीग भरला. साहेब शब्दाला जागले, माल घेतला. पण जुन्या पद्धतीतही मालाच्या प्रती होत्याच. सगळ्यांचा माल शेवटच्या प्रतीत गेला. रामजी पैसे घेऊन आला तो आमच्या शेताकडे न बघता गेला. आणि चट्टे पडू लागले ते नेमके शिमग्याचे ढोल वाजत असताना. पालखी दारोदार नाचत होती आणि बापू शेतात एकेक पान उन्हाकडे धरून पाहत होता, कुणी बाळाच्या अंगावर गोवर पाहावा तसा. मांडवाला कुलूप लागल्यावर त्याने पीक कापले. नदीकाठी बांबूंची आडवी रांग करून झाडे उलटी टांगली. पाने दिवसागणिक हिरव्याची पिवळी, पिवळ्याची तांबूस होत गेली. वास असा सुटला की सडकेवरचे गाडीवान बैल थांबवून विचारत, काय शिजतंय?

आता फक्त पहाटेच्या दंवात ती मऊ झाली की उतरवायची आणि घरात घ्यायची. एका पहाटेचे काम.

आणि आभाळ भरून आले.

हे ज्याने भोगले नाही त्याला त्यातली मेख सांगितली पाहिजे. ढगाळ रात्री दंव पडत नाही. म्हणजे पान कडकडीत, हात लावला की चुरा. आणि ढग आहेत म्हणजे पाऊस येऊ शकतो. एक सर आली तर सगळे काळे पडून कुजणार. उचलता येत नाही, ठेवता येत नाही. रोज पहाटे आम्ही तिघे बांबूंपाशी जाऊन उभे राहत होतो. माझी शाळा पाडव्याच्या सुट्टीत होती, ही आमच्या शिक्षणखात्याची कृपा. बापू डोळे मिटून पानाच्या कडेला करंगळी लावी. किंचित आवाज येई. तो हात काढून घेई. मग आम्ही डोंगराकडे पाहत बसायचो. महाबळेश्वराच्या बाजूने ढग एकमेकांना ढकलत खाली यायचे, गाभण म्हशींसारखे. मला तर पानाजवळ खोकायलाही भीती वाटे. रामजीही हळूहळू येऊन उभा राहू लागला, खांद्यावर घोंगडी टाकून. आता टोमणा मारत नव्हता. "पानी शिंपडून बघ," म्हणाला. बापूने मान हलवली. थेंब जिथे पडेल तिथे काळा डाग.

तिसऱ्या की चौथ्या पहाटे गार वारा सुटला, नदीपलीकडे वीज चमकली, आणि काशी घराकडे धावली. घरात होती नव्हती ती सगळी लुगडी, गोधड्या, गोणपाट तिने नदीत बुचकळले आणि टांगलेल्या पानांच्या दोन्ही अंगांनी बांबूंवर वाळत घातले. रामजीने आपली घोंगडी भिजवली. मी माझे धोतर दिले. नेसलेले सोडून, दुसरे. ओल्या कापडांच्या त्या बोळात वारा फिरला, गारवा धरला, आणि बऱ्याच वेळाने बापूने पानाला करंगळी लावली. आवाज आला नाही. "येतंय," तो कुजबुजला. "नरम येतंय." आम्ही जी पाने हाताला लागतील ती उतरवत सुटलो. निम्म्याहून जास्त घरात गेली. उरलेल्यांवर सर आली.

इथे थांबलो तर गोष्ट गोड होईल. तेव्हा पुढचे सांगतो.

घाटावरचा एक व्यापारी आंबेनळीच्या घाटाने उतरून पोलादपुरास येई. बापूने त्याच्यापुढे एक जुडी ठेवली. व्यापाऱ्याने ती उलगडली, नाकाशी नेली, एक तुकडा तळहातावर चोळून बराच वेळ हुंगत बसला. "एक नंबर माल हाय," म्हणाला. "अशी पानं आमच्याकडं बी कमीच." बापूचा चेहरा उजळला. काशीने पदर सावरला. "पन अशी एक खोलीभर पानं घेऊन मी काय करू? आमच्याकडं वखारीच्या वखारी भरल्यात. एवढ्यासाठी कोन सारखा घाट उतरंल? सरकार होतं तवर निराळं होतं." आणि जुडी नीट घडी घालून त्याने परत दिली. ती नीट घातलेली घडी मला अजून दिसते. त्याने वाईट म्हटले असते तर भांडता आले असते.

मग ती तंबाखू महाडच्या आणि पोलादपूरच्या बाजारांत मशेरीसाठी पुड्या करकरून गेली. आमच्या मंडळींनी काही पुड्या शेजारणींना घातल्या. त्या वर्षी आमच्या आळीतल्या बायकांचे दात सरकारी जातीच्या तंबाखूने घासले गेले. पुढच्या पेरणीला वाल लावायचे ठरवावे तर घरात वालाचे बी नव्हते. राखेत घोळून मडक्यात ठेवलेले बी तंबाखूच्या दिवसांत खाऊन संपले होते, आमच्याच काय, साऱ्या काठाच्या घरांतले. जे बी पूर्वी शेजारी मागायचे ते आता वाण्याकडून आणायचे. आणि सगळ्यांनी एकदम वाल लावले, म्हणून त्यापुढच्या हिवाळ्यात बाजारात वाल मातीमोल. मंडळी पिशवी भरून घेऊन आली. बिरडे झाले, नारळ घालून. मी भात कालवतच राहिलो. तीही नुसती ताटात बोटे फिरवत होती. मागणी-पुरवठ्याचे मी काही बोललो नाही.

चहाचे दुकान उठले. मांडवाचे पत्रे कुणीतरी सरकारी गाडीत घालून नेले; खांब राहिले, त्यांना पुढे गुरे बांधीत. आणि बापू पावसाच्या आधी मुंबईला गेला. जाताना ही जुडी दिली. त्यात मधोमध त्याने बियांची बोंडे बांधली होती, वाटाण्याएवढी, आत धुळीसारखे बारीक बी. "ठेव दादा," म्हणाला. "उद्या परत काय निघालं तर बी तरी घरचं असू दे." काशी मोटारीपर्यंत आली नाही. गणपतीत तो आला तेव्हा मी तिचे हात पाहिले. पावसाच्या लावणीत ते स्वच्छ धुऊन निघाले होते.

तर ती जुडी, आणि ती बोंडे, परवा मी दुपारी हात लावून संपवली. बापू येतो आहे. गिरण्यांतून माणसे कमी करताहेत असे ऐकतो. राहायला येत असेल तर मळईचा पट्टा आहे, पण त्याने जुडी मागितली तर? आणि भेटायलाच येत असेल, तर न मागताच परत जाईल. ते तर त्याहून वाईट. परवा संध्याकाळपर्यंत मी हेच बोलत राहिलो. शेवटी माझ्या लक्षात आले की आमची मंडळी मागच्या दारी गेली आहे. न्हाणीचे पाणी जिथे अळवात जाते तिथल्या ओल्या मातीकडे तोंड करून ती सूप पाखडत होती. तांदूळ सुपात राहत होते, तंबाखूचा भुगा आणि ते धुळीएवढे बी समोर मातीवर पडत होते. मग तिने तांब्यातल्या पाण्याचा हलका हात त्यावरून फिरवला.

"अगं, हे काय?" मी म्हणालो. "बापूला काय सांगायचं?"

तिने सूप भिंतीला टेकवले, एक शेवटची शिंक दिली, आणि म्हणाली, "उगवलं तर आपण पेरलं म्हणून सांगू भावजींना. नाही उगवलं, तर तुम्ही सांडलंत म्हणून."